जेवल्यावरचं वजन

"रिकाम्या पोटाचं वजन सांगू नका ओ, जेवल्यावरचं सांगा."

लाकूड कापायच्या मशीनबद्दल असं बोलणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलंय? खडेबाजारातल्या आमच्या दुकानात दर शनिवारी एक यायचं. खोक्यावर छापलेलं वजन कोरड्या मशीनचं असतं. पुढची पात आणि साखळी लावली, पेट्रोल-तेल भरलं की ते वाढतं. हे कळल्यापासून आप्पांचा खोक्यांवरचा विश्वासच उडाला होता.

आप्पा कचेरीतून निवृत्त झालेले, राहायला हिंडलग्याला. बायको गेलेली, मुलगा बेंगळूरला. घरामागचा फणस वाऱ्यानं आडवा झाला होता, आणि त्यांचं अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापायचं. एकट्या माणसाला लाकूड लागून लागून किती लागणार? पण मशीन घ्यायचं हे त्यांचं ठरलं होतं.

मधल्या आकाराची दोन मशीनं त्यांनी हेरली होती. दिसायला जुळी, वजनात किलोभराचा फरक. दोन्हींत पेट्रोल भरायला लावायचे. मग एकेक उचलून, हात पुढे करून, डोळे मिटून उभे राहायचे. हलकं बराच वेळ पेलायचे. जड उचललं की लगेच मनगटं थरथरायची. मग विती टाकून लांबी मोजायची. "ह्ये चार बोटं लांब हाय," असं मला सांगायचे, जणू मी ते दडवूनच ठेवलं होतं.

मी वैतागायचो. "आप्पा, लग्नाला मुलगी बघतानासुद्धा एवढं बघत न्हाईत."

"मी बघाय गेलोच नव्हतो. वडलांनी ठरवली." मग मशीन खाली ठेवत म्हणायचे, "चांगली निघाली."

मग चहा व्हायचा. खरं सांगतो, एखाद्या शनिवारी ते आले नाहीत तर मला करमायचं नाही.

एके दिवशी त्यांनी जड मशीनवर बोट ठेवलं. "ह्ये बांधा."

"खूळ लागलंय काय आप्पा? ह्ये तुम्हाला उचलंना झालंय. हलकं घ्या."

"हलकं मला झेपतंय की. म्हणून तर नको. मीच कापून बसलो तर पोरगा कशाला यील ओ? आता फोन करून सांगतो, लाकूड पडलंय, मशीनबी आणलंय, मला काय उचलंना."

माझ्या हातात सुतळी होती, पण गाठ बसेना. राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

पुढे ते नुसते विचारायला यायचे. "पेट्रोल भरून ठेवल्यालं खराब हुतंय काय?"

"आला काय पोरगा?"

"सुट्टी न्हाय त्याला. दिवाळीला यील."

दिवाळी गेली. "शिमग्याला यील." शिमगाही गेला. मग आप्पाच यायचे थांबले.

परवा एक तरुण तेच खोकं घेऊन दुकानात आला. आप्पा गेल्याचं त्याचं मुंडण केलेलं डोकंच सांगत होतं.

"ह्ये परत घेतासा काय? म्हाताऱ्या माणसाला एवढं जड मशीन दिलासा कसं तुम्ही?"

मी खोकं उघडलं. साखळीला भुशाचा कणही लागलेला नव्हता. टाकी मात्र भरलेली होती.

"जरा उचला बघू," मी म्हणालो.

त्यानं ते एका हातानं उचललं आणि सहज धरून ठेवलं.

"जड हाय?"

"मला न्हाय ओ," तो म्हणाला. "मला काय जड?"