शेजारणीची झोप

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आमच्या श्रीरामपूरच्या घरात 'कसं वाटतंय?' हा प्रश्न फक्त त्यांच्या मालकीचा आहे. त्यांचा व्यायाम करून घ्यायला एक बाई येते. तिने एकदा मला विचारलं, "काय वाटतंय?" मी म्हटलं, "शुगर आटोक्यात आहे, उजवा हात थोडा उचलला जातो."

"त्यांचं नाही हो, तुमचं."

मी बराच विचार करून म्हटलं, "काळजी वाटते." काळजी हा शब्द आमच्याकडच्या काळ्या मसाल्यासारखा आहे, कशातही घाला, खपून जातो. बाई काही फसली नाही. म्हणाली, "वाटतं त्याला खरं नाव द्या. दुखणं अंगावर काढू नका."

राग ओळखायला सोपा निघाला. भरवताना ते तोंड फिरवायचे तेव्हा यायचा. कंटाळाही सापडला.

मग आमच्या गल्लीतला एक माणूस गेला. त्यालाही हेच दुखणं होतं; त्याची बायको आणि मी औषधांच्या दुकानात भेटायचो. मी तिच्याकडे गेले. जावेने तिला चार घास भरवले होते आणि ती भिंतीला टेकून झोपली होती. भर दुपारी, तोंड उघडं टाकून. कुणी तिला उठवत नव्हतं. मला हुंदका आवरेना. बायका म्हणाल्या, "लई जीव हाय हिचा शेजारणीवर." मी पदर तोंडाला लावला. मला दुःख वगैरे झालं नव्हतं. मला तिचा हेवा वाटत होता.

घरी आले तर हे जागे. बोलणं अडखळतं, पण नजर शाबूत आहे.

"लई... रडलीस?"

"व्हय."

"त्येच्यासाठी?"

खोटं सुचायलाही अंगात त्राण लागतं. म्हटलं, "न्हाई. तिचा हेवा वाटला."

बोलून गेले आणि गार पडले. नवऱ्याच्या तोंडावर विधवेचा हेवा! इतक्या वर्षांत भाजी करपल्याचंही मी त्यांना सरळ सांगितलेलं नाही. आता हे जेवण सोडणार, असंच वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मला बी... वाटला. त्येचा."

त्याचा म्हणजे मेलेल्याचा, हे डोक्यात शिरायला एक क्षण लागला.

"गप बसा! असलं पुन्हा बोलायचं न्हाई," मी केवढ्यांदा तरी ओरडले. चादर नीटच होती, तरी ती ओढून ओढून नीट करत राहिले. या वेळी नाव शोधावं लागलं नाही. मला भीती वाटत होती, हे खरंच जातील याची.