आंब्याच्या हंगामानंतरची सपाट रेघ

“मृणालजी, आपको खुशखबरी हज़म नहीं होती,” श्रीवास्तव सर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावरच्या रेघेकडे पेन रोखले. “देखिए तो सही. कितनी शरीफ़ लाइन है. न ऊपर, न नीचे.”

“सर, म्हणूनच शंका येते,” हे मी मनात मराठीत म्हटले. मोठ्याने म्हणाले, “सर, अगस्त में यह लाइन कभी शरीफ़ नहीं रही.”

श्रीवास्तव सर आमचे मॅनेजर. पक्के लखनवी, टोमणासुद्धा ‘आप’ म्हणून मारतात. मी त्यांच्या टीममधली डेटा अ‍ॅनालिस्ट. वडिलांची हवाई दलातली बदली लखनऊला झाली, मी इथेच संख्याशास्त्रात एम. एस्सी. केले आणि हज़रतगंजमधल्या या ऑफिसात लागले. आमची कंपनी एका विमा कंपनीसाठी बेरोजगारी विम्याचे क्लेम हाताळते. हा विमा समजायला सोपा आहे. कामगाराची नोकरी गेली, तर पुढचे काही महिने त्याला पगाराचा काही भाग मिळतो. त्यासाठी तो हेल्पलाइनला फोन करून मागणी नोंदवतो, तो क्लेम. दर महिन्याला किती क्लेम आले, याची रेघ काढणे हे माझे काम. एखाद्या भागात माणसे कामावरून कमी होऊ लागली, की बातमीच्या आधी ही रेघ हलते.

लखनऊजवळच्या मलिहाबादची रेघ तर मला तोंडपाठ होती. दशहरी आंब्याचा हंगाम संपला की तिथल्या पॅकिंग शेडमधले आणि गर काढण्याच्या कारखान्यांतले काम ओसरते. हंगामापुरत्या मजुरांना हा विमा नाही. तो वर्षभर कामावर असलेल्यांचा. पण हंगामानंतर मालक त्यांच्यातल्याही काहींना कमी करतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये रेघ चढते. दरवर्षी. या वर्षी ती चढली नव्हती.

सरांनी स्लाइडला शीर्षकही देऊन टाकले होते: ‘मलिहाबादमध्ये रोजगार स्थिर’. आठवड्याच्या अखेरीस ती विमा कंपनीसमोर मांडायची होती. त्या बैठकीत तिमाहीचे आकडे गोठवले जातात. एकदा गोठवले, की बंद झालेला क्लेम पुन्हा उघडता येत नाही.

मी आधी साध्या शंका फेडून घेतल्या. विमा असलेल्या कामगारांची संख्याच घटली होती का? नाही, किंचित वाढली होती. लोक फोनच करत नव्हते का? करत होते, आणि नेहमीपेक्षा जास्त. म्हणजे फोन येत होते, पण त्यांचे क्लेम होत नव्हते. मग ते जात कुठे होते?

प्रत्येक फोनला कारणाचा एक कोड मिळतो: नोकरी गेली, आजारपण, पत्ता बदलला, चुकून लागला, असे. मी कोडवार मोजणी केली. ‘लीव्ह’ हा कोड एरवी कोपऱ्यात पडलेला असतो. रजेवरचा माणूस बेरोजगारी विम्याला कशाला फोन करील? या वर्षी तो फुगून सगळ्यांच्या वर आला होता. मलिहाबादचे निम्मे गाव एकाच वेळी रजेवर गेले होते.

आता रेकॉर्डिंग ऐकणे आले. हेडफोन लावला आणि पहिलाच आवाज सरोजदेवींचा निघाला. गराच्या कारखान्यात आंब्याची प्रतवारी करणाऱ्या बाई.

“भैया, हमारी छुट्टी कर दी है.”

“जी, नोट कर लिया,” आमचा एजंट म्हणाला आणि फोन संपला.

त्यांनी पुन्हा फोन केला होता. मधल्या काळात आमच्या सिस्टिमने त्यांना आपोआप मेसेज पाठवला होता: आप अवकाश पर हैं, दावा लागू नहीं; म्हणजे तुम्ही रजेवर, क्लेम नाही. या वेळी आवाज चढलेला होता.

“ई का भेजे हो? हम अवकाश पर नहीं हैं भैया, हमारी छुट्टी हो गई है! घर में बिटिया की फीस भरनी है, हम कौनो घूमने गए हैं?”

“जी, दोबारा नोट कर लिया.”

एजंटने दोन्ही वेळा एकच शब्द टाइप केला होता: छुट्टी. त्याला अर्थ कळला होता, म्हणून त्याने अधिक लिहिले नाही. लखनऊत कोणालाही कळला असता. पण कोड एजंट देत नाही. ते काम या वर्षीपासून आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे गेले होते. मी तिथल्या अमृताला फोन लावला.

“अमृता, नुसतं ‘छुट्टी’ लिहिलेलं असलं तर तुम्ही कोणता कोड देता?”

“लीव्ह. का गं?”

“का बरं?”

“का म्हणजे? छुट्टी म्हणजे सुट्टी. एवढं हिंदी आम्हालाही येतं. तुम्ही लखनऊवाले ना, उगाच भाव खाता.”

“‘उसकी छुट्टी कर दी’ म्हणजे काय?”

“त्याला सुट्टी दि—” ती थांबली. “थांब. म्हणजे त्याला काढून टाकलं?”

“हो.”

“अगं बाई! मग इतक्या लोकांना आम्ही सुट्टीवर पाठवलंय?”

“बिनपगारी.”

अमृताने त्या संध्याकाळीच असे सगळे फोन वेगळे काढून माझ्याकडे पाठवले. मी ते घेऊन सरांकडे गेले. मला वाटले होते, ते चुटकीसरशी मान्य करतील. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

“नतीजा पसंद नहीं आया, तो कोड बदल दिए? क्लाइंट मुझसे यही पूछेगा.”

प्रश्न खरा होता, आणि मला राग येण्याचे कारण तेच होते. आपल्याला हवा तो निष्कर्ष निघेपर्यंत वर्गीकरण बदलत राहणे, हा आमच्या विषयातला सर्वांत मोहक गुन्हा आहे. शिवाय काही लोक खरोखरच ‘छुट्टी पर’ असणार. सगळ्यांना सरसकट नोकरी गेलेल्यांत टाकणे ही पुण्याचीच चूक उलटी करणे झाले असते.

“तो ऐसे जाँचते हैं कि मुझे भी न पता हो,” मी म्हणाले.

मी या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे रेकॉर्डिंग एकत्र मिसळले. तारखा, गावे, कोड, सगळे झाकले. हेल्पलाइनच्या दोन एजंटांना वेगवेगळे बसवले आणि फक्त एवढेच ठरवायला सांगितले: बोलणारा रजेवर आहे, की कामावरून गेला आहे? कोणता फोन कोणत्या वर्षाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यामुळे माझी रेघ चढवायला मदत करणे त्यांना शक्यच नव्हते.

दोघांचे बहुतेक ठिकाणी एकमत झाले. ‘छुट्टी पर हैं’ किंवा ‘छुट्टी ली है’ म्हणजे रजा. ‘छुट्टी कर दी’ म्हणजे काढले. पण ‘छुट्टी मिली है’ म्हणणाऱ्यांचा एक गठ्ठा उरला, आणि त्यावर दोघे भांडू लागले. त्यातले बरेच फोन सरोजदेवींच्याच कारखान्यातले होते. बैठक तोंडावर आली होती. मी सरांना सांगून मलिहाबादची वाट धरली.

कारखान्याचे मालक सौजन्याची मूर्ती होते. आधी पाणी, मग पेठा, मग कामाचे.

“निकाला किसने, बिटिया? छुट्टी दी है. घर के लोग हैं हमारे.”

“वापस कब बुलाएँगे?”

“दशहरी आएगी, तो बुला लेंगे.”

“दशहरी तो अगली गर्मी में आएगी.”

“आम पर किसका ज़ोर है?”

“और तब तक पगार?”

ते मनापासून हसले. “छुट्टी में कैसी पगार?”

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की पुण्याने भाषेची चूक केली असली, तरी इथे कोणाचीच चूक होत नव्हती. हा शब्द नेमका कामाला येत होता. ‘काढले’ म्हणावे लागत नाही आणि पगारही द्यावा लागत नाही. कामगारांना मालकाचाच शब्द फोनवर सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते.

परतीच्या गाडीत मी पॉलिसी उघडली. तिच्यात ‘छुट्टी’ कुठेच नाही. नोकरी गेली असे कधी मानायचे, ते तिथे स्वच्छ लिहिले आहे: काम थांबले आहे, पगार थांबला आहे, आणि परतण्याची तारीख लेखी दिलेली नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ लावण्याची गरजच नव्हती. आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. ‘क्या हुआ?’ असे विचारले, की माणूस त्याला दिलेला शब्द परत देतो.

दुसऱ्या दिवशी एजंटांनी वादातल्या प्रत्येकाला उलट फोन केला. विचारायचे एवढेच: पगार मिल रही है? लौटने की तारीख लिखकर दी है? सरोजदेवींचे बोलणे वादात नव्हते, तरी त्यांना मी स्वतः फोन केला.

“पगार? नाहीं मिल रही.”

“तारीख?”

“तारीख कौन देगा? मालिक बोले, आम से पूछो.”

बैठकीआधी मी नवी रेघ सरांसमोर ठेवली. गेल्या वर्षीची रेघ जवळपास होती तशीच राहिली होती. तेव्हा कोडिंग लखनऊत होत होते. या वर्षीची ऑगस्टमध्ये चढली होती, नेहमीपेक्षा थोडी अधिकच. सरांनी ती पाहिली. मग स्वतःच्या हाताने ‘रोजगार स्थिर’ खोडले.

“अब बदमाश लग रही है,” ते म्हणाले. “अब यकीन आता है.”

विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला: आकडे नंतर का बदलले? सरांनी झाकलेल्या रेकॉर्डिंगची सगळी पद्धत समजावून सांगितली, इतक्या आत्मीयतेने की ती मुळात त्यांचीच कल्पना वाटावी. मी हरकत घेतली नाही. आकडे गोठण्यापूर्वी बंद क्लेम पुन्हा उघडले गेले. सगळेच मंजूर झाले नाहीत. ज्यांना परतीची तारीख लेखी मिळाली होती, ते नियमाबाहेर राहिले. सरोजदेवींचा मंजूर झाला. हेल्पलाइनवर आता ते दोन प्रश्न आधी विचारतात, आणि ‘छुट्टी’ या शब्दाला पुण्यात कोणताही कोड नाही.

शिकायचे ते इतकेच. आलेख अचानक सभ्य वागू लागला, तर बाहेरचे जग सुधारले असे मानण्याआधी आपण त्याला काय विचारले होते ते तपासावे.

त्यानंतर मी आता गावी परतलेल्या आई-वडिलांना भेटायला जाण्यासाठी चार दिवसांची रजा मागितली. सरांचे उत्तर मेलवर आले. विषय: छुट्टी. मजकूर एका ओळीचा होता.

‘मंज़ूर. पगार मिलती रहेगी. लौटने की तारीख लिखकर दीजिए.’