सॅमसनकाका आणि उघडलेलं इंजिन

जुनं इंजिन उघडून बसलं की हात काळे होतात आणि तोंड मोकळं सुटतं. २००८च्या हिवाळ्यात आम्ही कॅनडात, एटोबिकोमध्ये नितीनच्या गॅरेजात दर रविवारी जमायचो. हातांची काजळी साबणाने गेली, किस्से मात्र तसेच राहिले!

आम्ही म्हणजे नागपूरचा नितीन, त्याची बायको मीनल, मी आणि सॅमसनकाका. काका मूळचे रेवदंड्याचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवार त्यांचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस, म्हणून आमचा रविवार. मुंबईत ते मोटरसायकलच्या गॅरेजात फोरमन होते.

* * *

नितीनने जाहिरात बघून दहा वर्षं जुनी जपानी मोटरसायकल हेरली. बघायला काकांना नेलं. मालकाने किल्ली पुढे केली, पण काकांनी आधी इंजिनवर तळहात ठेवला.

"गरम आहे," ते मराठीत म्हणाले. "आपण यायच्या आधी याने चालू करून ठेवलंय. थंडीत ही लवकर उठत नसणार."

"मग नको घेऊ?"

"घे की! पण गाडी घेतली असं समजू नकोस. शाळेत नाव घातलंस असं समज."

* * *

पहिल्या रविवारी तेल बदललं. खालच्या बोल्टला लोहचुंबक होतं, त्यावर बारीक चमचमता चुरा चिकटलेला.

"काका, हे काय चमकतंय?" नितीन खूश.

काकांनी बोट फिरवून चुरा उजेडात धरला. "तुझं इंजिन. हप्त्याहप्त्याने बाहेर येतंय."

* * *

पुढच्या रविवारी दार वर करून इंजिन चालू केलं. आतून खडखड येत होती. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं आणि मूठ कानाला. पण कान आता साथ देत नव्हते. मग नितीनने ऐकलं, मी ऐकलं. दोघांनी दोन वेगळ्या जागा सांगितल्या.

मीनल जेवायला बोलवायला आली होती. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला. "आवाज वरून येतोय, उजवीकडून. साखळी सैल असल्यासारखा."

"तुला काय समजते त्यातलं?" नितीन.

"आठ वर्षं तुझं घोरणं ऐकतेय. बिघाड कुठे आहे ते कळतं!"

उजवी बाजू उघडली. आतल्या साखळीला, म्हणजे टायमिंग चेनला, ताणून धरणारी पट्टी झिजून कागदासारखी झाली होती. आणखी काही दिवसांत चेन सुटली असती आणि इंजिन आतल्या आत फुटलं असतं, तेही कदाचित हायवेवर.

मग काका म्हणाले, "नितीन, तू वर जाऊन जेवणाची पानं घे. मीनल, तू इथे बस."

* * *

क्लच प्लेटाही संपल्या होत्या. नव्या प्लेटा बसवायच्या आधी तेलात भिजवाव्या लागतात. नितीनने बेसमेंटमधला स्टीलचा डबा घेतला. नेमकी तेव्हा त्याची आई नागपूरहून आली होती. तिने झाकण उघडलं.

"हे काय मुरत घातलं रे?"

"क्लच प्लेटा, आई."

"किती दिवस?"

"एक रात्र."

"एका रात्रीत काय मुरते बाप्पा!" असं म्हणून तिने झाकण घट्ट लावलं.

काकांना सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "बाईंना अनुभव आहे. दोन रात्री ठेव."

* * *

सगळं परत जोडलं आणि जमिनीवर एक बोल्ट उरला! काकांनी दिवसभर बसून सगळं पुन्हा उघडायला लावलं. प्रत्येक बोल्ट जागेवर होता. संध्याकाळी काका थकून घडीच्या खुर्चीत टेकले आणि खुर्चीसकट खाली आले.

लागलं नाही. बसल्या जागेवरून त्यांनी हात पुढे केला. "आण तो बोल्ट."

* * *

मे महिन्यात, गाडी रस्त्यावर आणायला लागणाऱ्या सेफ्टी सर्टिफिकेटसाठी आम्ही चौघं ती एका दुरुस्तीच्या गॅरेजात घेऊन गेलो. वाटेत काकांनी सहज सांगितलं, की कॅनडात आल्यावर ते अशाच गॅरेजांची दारं ठोठावत फिरले होते. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "यू डोन्ट हॅव कॅनेडियन एक्स्पीरियन्स." शेवटी पंधरा वर्षं त्यांनी विमानतळावर ट्रॉल्या गोळा केल्या. आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती.

गॅरेजच्या ग्रेग नावाच्या मालकाने गाडी तपासली, फिरवून आणली, पुन्हा इंजिनाशी वाकून ऐकत बसला. मग विचारलं, "हू डिड धिस इंजिन?"

आम्ही तिघांनी काकांकडे बोट दाखवलं.

ग्रेगने काकांना आत नेलं. कोपऱ्यात एक मोटरसायकल अर्धी उघडून ठेवलेली होती. "दोन आठवडे झाले, हिचा आवाज कुठून येतोय ते सापडत नाहीये," तो म्हणाला. "तुम्हाला काम करायची इच्छा आहे का?"

काकांनी इंजिनभोवती एक फेरी मारली.

"कॅनेडियन एक्स्पीरियन्स लागतो का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

ग्रेग मोठ्याने हसला. काका हसले नाहीत, उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"नो सर," ग्रेग म्हणाला.

काकांनी कोट काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही जेवून घ्या," ते म्हणाले. "मीनल, तू थांब. ऐकायला तुझे कान लागतील."