माझ्या नावानं छापलेली खोटी बातमी

माझ्या नावानं छापून आलेली पहिलीच बातमी खोटी होती. हे आता मी सरळ लिहू शकते. काही वर्षं मी तिला ‘चुकीची’ म्हणायचे, त्याआधी ‘अपुरी’. शब्द असे मऊ करून घेण्याची सवय मला वर्ध्याच्या त्या कार्यालयातच लागली, आणि तिचा आजही संताप येतो.

मी देवळीची. बाबा एसटीत क्लार्क. वर्ध्याला पत्रकारितेची पदविका केली तेव्हा बातमीचे सहा प्रश्न पाठ केले होते: कोण, काय, कुठं, कधी, का, कसं. परीक्षेत त्यावर टीप आली, मी दीड पान भरून लिहिली आणि पूर्ण गुण घेतले. मग एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागले. एक खोली, तीन संगणक, आणि आमचे कार्यालयप्रमुख. पन्नाशीचे, गप्पिष्ट, भाषेवर हुकमत असलेले. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. शिकवायचे ते हसत हसत, म्हणून ते पटायचं.

लागून दोन महिने झाले असतील. ऑगस्टातली दुपार. देवळीकडच्या एका गावातून फोन आला, शाळेतली खिचडी खाऊन मुलांना उलट्या सुरू झाल्या, अकरा मुलांना सेवाग्रामला नेलं. कार्यालयप्रमुख म्हणाले, “ही तू कर. नावासकट लावतो. पण चारपर्यंत हवी.”

सेवाग्राम आमच्या कार्यालयापासून स्कूटीवर वीस मिनिटं. मी गेले नाही. घड्याळात दोन वाजले होते. पाचला परत आले असते, बातमी सहाला दिली असती, फार तर दोन शब्द ऐकून घेतले असते. पण नाव छापून येणार होतं. मी शाळा समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

“थे बाई बेपर्वा हाये मॅडम,” ते म्हणाले. “पाल पडली असन गंजात, तिनं पाह्यलंच नाई. आन् आता दिसून नाई राह्यली कुठी.”

मी लिहिलं: खिचडीत पाल पडली. लिहिलं: स्वयंपाकी महिलेच्या निष्काळजीपणामुळे. तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. आणि लिहिलं: घटनेनंतर सदर महिला पसार झाली. ‘असं अध्यक्षांनी सांगितलं’ हे शब्द माझ्या कॉपीत होते, कार्यालयप्रमुखांनी ते काढले, म्हणाले, “वाक्य लोंबतंय.” पण ‘पसार’ त्यांनी घातलेला नाही. अध्यक्षही तसं म्हणाले नव्हते. तो शब्द माझा. मला तो ठसठशीत वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मुलं घरी परतली. बाबांनी कात्रण काढून डेपोत सगळ्यांना दाखवलं. मी दिवसभर तरंगत होते.

चौथ्या दिवशी ती बाई कार्यालयात आली.

चाळिशीची असेल. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आमची बातमी. दारातच विचारलं, “हे लिवणारी बाई कोन होय?”

मी उभी राहिले. तिनं मला पाहिलं. मी तिच्या अपेक्षेपेक्षा लहान निघाले असावे, कारण ‘मॅडम’ तिच्या ओठांवर येऊन थांबलं.

“तू आलती काय आमच्या गावाले?”

“नाही.”

“दवाखान्यात?”

“नाही.”

“मंग पाल कोनं पाह्यली?”

मी म्हणाले, अध्यक्षांनी सांगितलं.

“थे होते काय चुलीपाशी? थे तर शाळेत आलेच नाई त्या दिवशी.” मग तिनं बातमीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “आन् हे. पसार. म्हंजे पळून गेली नं? मी सेवाग्रामलेच होती, पोरी. त्याच गाडीत नेलं मले, लेकरायसंग. आधी मी खातो, मंग लेकरायले वाढतो, नियमच हाये तो. सगळ्यायच्या आधी म्याच ओकली.”

तिनं पिशवीतून दवाखान्याचं सुटीचं कार्ड काढलं. भरती झाल्याची तारीख, वेळ. मी बातमी टाईप करत होते त्या वेळी ती सलाईन लावून पडली होती. वीस मिनिटांवर.

“मले काऊन नाई इचारलं?” तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखर कळत नव्हतं.

कार्यालयप्रमुख खुर्ची सरकवून पुढे आले. “बाई, तुमचं निवेदन लिहून द्या, आपण बघू.”

“मी काऊन लिवून देऊ? मी लिवलं काय हे?” ती म्हणाली. “मले कामावरून काढलं. माह्या पोरीच्या डब्याले कोणी हात लावून नाई राह्यलं शाळेत. आधीच आमच्या वस्तीतली बाई रांधते म्हनून दोन-चार घरं नाक मुरडत होते. तुम्ही त्यायले छापून देलं.”

ती बौद्ध वस्तीतली होती. हे मला माहीत नव्हतं, कारण मी तिच्याबद्दल काहीच माहीत करून घेतलं नव्हतं. एका फोनवर एका माणसानं जे दिलं ते मी उचललं, आणि त्या माणसाला ती बाई चुलीजवळून का हटवायची असेल, हा प्रश्न माझ्या दीड पानाच्या टिपेत कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. रजा टाकून गेले, कारण कामावर असताना पाठवायला कार्यालयप्रमुख तयार नव्हते. मुख्याध्यापक आधी टाळत होते. वाढण्याआधी चव घेतल्याची वही मागितली तर त्यांनी ती चाळत चाळत दिली. रोज दोन सह्या, तिची आणि त्यांची. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही खाल्ली होती? ते खिडकीबाहेर पाहू लागले. मग म्हणाले, “सही केली होती.”

तांदूळ ठेवायची खोली त्यांनीच उघडली. पोत्यांना लागून फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, एक कलंडलेली. खोली पक्की, कुलूप मजबूत, म्हणून अध्यक्षांनी आपलं शेतीचं सामान तिथं ठेवलेलं. “बाई म्हणाली होती मला, तांदळाला वास येतो म्हणून,” मुख्याध्यापक म्हणाले. “मी म्हटलं, चांगला धुऊन घ्या.” हे सांगताना ते रडकुंडीला आले होते. मला त्यांची दया आली नाही. स्वतःचीही येत नव्हती.

सेवाग्रामला डॉक्टर भेटले. मी त्यांना विचारलं, फवारणीच्या औषधामुळेच झालं ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. “तांदळाचा नमुना तपासायला गेलाय, त्याचा अहवाल येईपर्यंत मी ते म्हणणार नाही. तुम्हीही लिहू नका. पालीचं मात्र आमच्यापैकी कोणीच बोललं नव्हतं.” मी दुसऱ्यांदा तीच चूक करायला निघाले होते, फक्त या वेळी माझ्या आवडत्या बाजूनं. त्यांनी अडवलं नसतं तर केलीच असती.

मी नवी बातमी लिहिली. कोण काय म्हणालं ते त्याच्या नावानं, मी डोळ्यांनी काय पाहिलं ते वेगळं, काय अजून माहीत नाही ते स्पष्ट. अध्यक्षांना फोन करून त्यांची बाजू विचारली. त्यांनी शिवी दिली आणि फोन ठेवला. पहिली बातमी चुकली, हे मी पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं.

कार्यालयप्रमुखांनी वाचली. “चांगली लिहिलीस. छापता येणार नाही.”

“का?”

“आपणच आपल्याला खोटं कसं म्हणायचं यार? शिवाय अध्यक्षांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात असते आपल्याकडे, दरवर्षी. खुलासा टाकू.”

खुलासा आला. सातव्या पानावर, तळाला, पंचांगाच्या शेजारी. तीन ओळी. शीर्षक: ‘त्या’ महिलेचा खुलासा. म्हणजे चूक आमची आणि खुलासा तिचा. आपण पळून गेलो नव्हतो असा तिचा ‘दावा’ आहे, असं लिहिलं होतं. सुटीचं कार्ड पाहिलं होतं त्यांनी. स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं होतं.

मी त्या दिवशी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसावर ओरडले. ते शांतच होते. म्हणाले, “दोन दिवसांनी कोणाच्या लक्षात नसतं. तू नवीन आहेस.” लक्षात कोणाच्या राहतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा असूनही फरक पडत नव्हता. मी नोकरी सोडली. त्याचं शौर्य सांगायची माझी तयारी नाही. बाबांचा पगार होता, म्हणून सोडता आली.

कात्रण बाबांनी देवघराच्या कपाटात ठेवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी डेपोत दाखवलं ना ते सगळ्यांना,” आणि दुसऱ्या दिवशी जाऊन एकेकाला खरं काय ते सांगून आले. आमच्या अख्ख्या दैनिकाला जे जमलं नाही ते एका क्लार्कनं चहाच्या सुट्टीत केलं.

मी त्या बाईच्या घरी माफी मागायला गेले. तिनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, “माफी मले काऊन मागतं? गावाले सांग.” मग आम्ही दोघी मिळून शिक्षण विभागात अर्ज केला, कार्ड जोडलं, वहीची प्रत जोडली. माझी दुसरी बातमी नागपूरच्या एका साप्ताहिकानं छापली. त्याचे अंक मीच गावात नेऊन वाटले. दिवाळीनंतर तिला परत कामावर घेतलं. फवारणीचं सामान त्या खोलीतून हललं. अध्यक्ष अध्यक्षच राहिले.

तिची मुलगी आता बारावीला आहे. मागच्या वर्षी तिनं मोबाईलवर आईचं नाव टाकून पाहिलं, तर सगळ्यात वर ती पालीची बातमीच आली. मी त्या दैनिकाला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही.

तांदळाच्या नमुन्याचा अहवाल आजवर कोणी पाहिलेला नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ‘सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही,’ असं एका ओळीचं उत्तर आलं. अकरा लेकरं आणि एक बाई काय खाऊन ओकली, हे सरकारदरबारी कुठंच लिहिलेलं नाही. मी अपील केलंय.