मातुरीनचा वरचा दगड

मातुरीन गोद्री पॅरिसजवळच्या रुएल गावात धुण्याच्या घाटावर वरच्या दगडाला बसायची. प्रवाहाच्या वरच्या अंगाचा तो पहिला दगड. तिथलं पाणी कुणाच्या साबणाने गढूळ झालेलं नसतं, म्हणून तलम पांढरं धुणं तिथेच. तिथून एकेक दगड खाली उतरत जातो आणि अगदी शेवटच्यावर मेलेल्यांचे कपडे. मेलेल्याचं कापड जिवंतांच्या वर धुवायचं नाही. दुसऱ्या दगडावर बार्ब होती, तिसऱ्यावर मी. मातुरीनबद्दल सांगते ते तिथून पाहिलेलं आहे.

दगड तिला आईकडून मिळाला. काम मात्र तिचं तिनेच शिकून घेतलं. मलमल धोपटायची नसते. ओंजळीत धरून दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. मग गवतावर पसरून पाणी शिंपडत राहायचं, ऊन फिरेल तशी फिरवायची. यात घाई चालत नाही. मातुरीनने घाई केलेली मी पाहिली नाही, आणि ती रिकामी बसलेलीही पाहिली नाही.

महालातल्या बाईंचं धुणं तिच्याकडे आलं तेव्हा महालही नव्हता आणि सम्राटही नव्हता. क्रांतीचे दिवस होते. नदीपलीकडे क्रोआसीला एक विधवा उतरली होती. नवऱ्याचं डोकं पॅरिसात उडवलेलं, स्वतः तुरुंगातून सुटून आलेली. गाठोडं एवढंसं. मातुरीनने ते दगडावर सोडलं आणि म्हणाली, "बाई नीटनेटकी आहे. रफू स्वतः केलंय."

"कशावरून?" मी विचारलं.

"इतकं वाईट रफू पैसे घेऊन कोण करेल?"

पुढे त्या बाईंनी एका सेनापतीशी लग्न केलं आणि आमच्याच गावाला लागून असलेला माल्मेझोंचा महाल घेतला. गाठोडी वाढली. सदऱ्यांना दारूगोळ्याचा वास यायचा. मग सेनापतीचा सम्राट झाला, बाई सम्राज्ञी झाल्या, चादरींवर मुकुट भरलेले आले. मुकुटाचं भरतकाम उलट्या बाजूने धुवावं लागतं, एवढाच आम्हाला फरक. सम्राटाने इंग्रजांकडून येणाऱ्या मलमलीवर बंदी घातली, आणि दर आठवड्याला त्याच्याच घरची मलमल आमच्या घाटावर वाळत असायची.

एका हिवाळ्यात गाठोड्यात पुरुषाचा एकही सदरा आला नाही.

"गेला असेल लढाईवर," बार्ब म्हणाली.

"लढाईवरून मळके सदरे परत येतात," मातुरीन म्हणाली. "हा तसा गेलेला नाही."

घटस्फोटाची बातमी गावात नंतर आली. त्यानंतर नुसते बाईंचे झगे यायचे, पांढरे, पूर्वीइतकेच. मातुरीन ते पूर्वीसारखेच धुवायची.

तिच्या घरातलेही सदरे कमी होत गेले. नवरा एलुआ दगडाच्या खाणीत मेला. मुलगा ब्लेझ सम्राटाच्या फौजेबरोबर रशियात गेला तो आला नाही. मागे राहिली सून, उर्सुल. मोर्वांच्या डोंगरातली पोर. तिकडे जाडंभरडं तागाचं कापड, ते उभ्याने बडवतात. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने एक रुमाल धोपटून फाडला होता आणि बार्ब ते विसरली नव्हती.

मातुरीनचे गुडघे गेले. गवत भरलेल्या पेटीत गुडघे टेकले की उठायला माझा खांदा लागायचा. तिला दगड उर्सुलला द्यायचा होता. तो मिळाला तर महालाचं धुणं घरात राहणार होतं. नाहीतर उर्सुलने खालच्या दगडावर घोंगड्या धुवायच्या, किंवा डोंगरात बापाकडे परत जायचं.

पण परगावच्या बाईला दगड द्यायचा तर आमच्याकडे रीत आहे. एक कापड सगळ्यांसमोर ठरवायचं. तिने धुतलं की ते हातोहात सगळ्यांकडे फिरतं. एखादीला पसंत नसलं तर ती ते पाण्यात टाकते, आणि धुणारीने पुन्हा धुवायचं. सूर्य मावळायच्या आत ते सगळ्यांच्या हातून पार झालं तर दगड तिचा. नाहीतर नाही, आणि दुसरी संधी नाही. उर्सुल पडली असती तर वर सरकणार होती बार्ब.

त्या वसंतात सम्राट हरला होता. गावात रशियन घोडेस्वार होते आणि महालात परदेशी राजांचे पाहुणचार चालले होते. मातुरीनने ठरवलेलं कापड महालातूनच आलं होतं. मलमलीचा झगा, बागेत फिरून घेराला गवताचा हिरवा डाग पडलेला. "सोपं कापड दिलं तर जन्मभर टोमणे खाशील," ती सुनेला म्हणाली. शनिवारी उर्सुलने झगा भिजत घातला. रविवारी, पेंटेकॉस्टच्या सणाला, दुपारी महालातल्या बाई वारल्या.

धुण्याच्या दिवशी सगळ्या घाटावर जमल्या. उर्सुल बादली घेऊन वरच्या दगडाकडे निघाली.

"खाली," बार्ब म्हणाली. "ते आता मेलेल्याचं कापड आहे."

"भिजत घातलं तेव्हा बाई होत्या की."

"भिजत कधीही घाल. धुणार आज आहेस ना?"

उर्सुलने सासूकडे पाहिलं. मातुरीन म्हणाली, "बार्ब बरोबर बोलतेय."

"आई, तिथे सगळ्यांचं मळकं पाणी येतं. त्यात पांढरं कसं निघायचं?"

"निघेल तसं काढ. तुझ्यासाठी मी रीत मोडली तर तो दगड तुझा कोण मानेल?"

मग मातुरीनने आपली पेटी उचलली, काठाकाठाने लंगडत शेवटच्या दगडापाशी गेली आणि उर्सुलच्या गुडघ्यांखाली ती ठेवली. स्वतः मागे गवतावर बसली. हात लावला नाही.

उर्सुल चांगलं दाबत होती. पण आम्ही वर साबण लावत होतो आणि तो सगळा तिच्या हातावर उतरत होता. झगा हातोहात वर आला. बार्बने उजेडात धरला. "राखाडी," म्हणाली आणि पाण्यात टाकला. तो आमच्या सगळ्यांच्या समोरून वाहत खाली गेला. उर्सुलने पकडला. पुन्हा धुतला, पुन्हा वर आला, पुन्हा राखाडी. खोटं नव्हतं ते. मलाही ते दिसलं होतं, मी तसाच पुढे दिला होता.

दुपारी आम्ही भाकरी आणि कांदा खायला थांबलो. उर्सुल थांबली नाही. बार्बने खाऊन हात पुसले, नदीकडे बघितलं आणि धोपटणं उचललं नाही.

"काय गं, काम नाही?" मी विचारलं.

"पाठ धरलीय."

बार्बची पाठ त्याआधी कधी धरलेली मला माहीत नाही. मी माझंही धोपटणं खाली ठेवलं. खालच्या एकीने आमच्याकडे पाहिलं आणि तिनेही ठेवलं. हळूहळू सगळा घाट बंद पडला. साबणाचा फेस वाहून गेला आणि शेवटच्या दगडापाशी नदीचा तळ दिसायला लागला.

झगा वर आला तो पांढरा होता. बार्बने शिवणी पाहिल्या, गळा पाहिला, घेर बोटांवरून फिरवत नेला. एका जागी थांबली. पाण्यात टाकला.

"बार्ब, बास की आता," मी म्हणाले.

"घेराला हिरवा दोरा राहिलाय."

"एका दोऱ्याने काय होतं?"

"तुला नसेल होत. मला हिच्या शेजारी बसायचंय."

धोपटणं मात्र तिने तेव्हाही उचललं नाही. सगळ्यांचं अर्ध्या दिवसाचं काम तसंच पडून राहिलं. ऊन पार पलीकडच्या झाडांना टेकलं तेव्हा झगा परत वर आला. बार्बने पुन्हा पहिल्यापासून सगळा पाहिला. मग उठली, खाली चालत गेली आणि तो मातुरीनच्या मांडीवर ठेवला.

झगा महालातून मागायला कुणी आलं नाही. मातुरीनने तो गवतावर वाळवला, इस्त्री केला आणि स्वतः नेऊन दिला. आलेलं धुणं परत जायलाच हवं, म्हणाली.

पुढच्या धुण्याला उर्सुल वरच्या दगडावर बसली. पेटीत मातुरीनने नवं गवत भरून दिलं होतं. थोड्या वेळाने बार्बचा आवाज आला, "कोपर आवर गं पोरी. तोंडावर पाणी उडतंय."

"थोडं सरका मग," उर्सुल म्हणाली.

बार्ब सरकली.