सोळा झडपांचा टेम्पो

वीस वर्षं मी सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात पोरांना आलेख शिकवतो. ‘आधी खालचा अक्ष वाचा, मग रेघ बघा,’ हे माझं वाक्य पोरं माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. आणि थोरल्या भावाच्या टेम्पोच्या इंजिनाचा आलेख हातात पडला, तेव्हा मी खालचा अक्ष वाचलाच नाही. रेघेचं वरचं टोक बघितलं आणि पेढे आणले.

भाऊ, म्हणजे आमचे आण्णा, वेळापूरच्या अलीकडं वस्तीवर राहतात. थोडी जिरायत, बाकी शेळ्या-मेंढरं. पेट्रोलवर चालणारा त्यांचा जुना छोटा टेम्पो. त्याच्या जिवावर बाजाराला कधी निघायचं ते आण्णा स्वतः ठरवत. दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत बांधावर उभं राहणं त्यांच्या स्वभावात नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी गेलो, तर टेम्पो धूर मारत होता. हेड उघडावं लागणार होतं. हेड म्हणजे इंजिनाचा माथा. त्यातल्या झडपांमधून हवा-पेट्रोल आत जातं आणि धूर बाहेर पडतो. आण्णांच्या इंजिनाला सगळ्या मिळून आठ झडपा. त्याच इंजिनावर सोळा झडपांचं हेड बसतं, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. वाचलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही.

“आण्णा, टेम्पो मी सोलापूरला नेतो. असा करून आणतो, की ओळखणार नाही तुम्ही.”

“हाय ते बरं चाललंय की रं. निस्ता धूर तर मारतोय.”

“अहो, माणसाला दोनऐवजी चार नाकपुड्या असत्या तर?”

“शेंबूड लई आला असता,” वहिनी चुलीपाशी म्हणाल्या.

आण्णा पोट धरून हसले आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

गॅरेजवाल्यानं अपघातातल्या एका कारचं सोळा झडपांचं हेड मिळवलं. जुनं दुरुस्त करून ठेवू का, असं त्यानं विचारलं. मी ऐटीत म्हणालो, “टाका भंगारात.” मग टेम्पो रोलरवर चढवून ताकद मोजली. जुन्या आणि नव्या हेडच्या दोन रेघांचा तो आलेख मला देताना तो म्हणाला, “सर, वर पळंल मस्त. पण खाली जरा मार खाईल बरं का.”

“खाली कोण चालवतंय?” मी म्हणालो.

खाली आण्णा चालवतात. जनावरं भरली की पाय एक्सलेटरवर नुसता टेकलेला, इंजिन जेमतेम गुरगुरतंय. कारण हिसका बसला की मेंढरं एकमेकांवर पडतात आणि खालचं तुडवलं जातं. वस्तीवरून डांबरीला लागायला ओढ्यातून खडा चढ आहे. तो ते पहिल्या गिअरात, माणूस चालत यावा तसे चढायचे. माझी परीक्षा मात्र पुणे रस्त्यावर, मोकळ्या टेम्पोत, खिडकीतून कोपर बाहेर काढून झाली होती.

कागदावर सगळं होतं. खालच्या अक्षावर इंजिन किती जोरात फिरतंय ते, डावीकडं हळू, उजवीकडं जोरात. झडपा थोड्या असल्या की वाट अरुंद, म्हणून इंजिन हळू फिरतानाही हवा जोरात आत शिरते. वाट रुंद केली की तीच हवा रेंगाळते, इंजिनाचं पोट भरत नाही. ते भरतं इंजिन जोरात फिरायला लागल्यावर. म्हणून डावीकडं, आण्णांच्या चालीपाशी, नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली होती. मी उजवीकडं बघत होतो.

पहिल्या बाजाराला मी मुद्दाम सोबत गेलो. कौतुक व्हायचं होतं ना. ओढ्याच्या चढावर टेम्पो एकदा बंद पडला, पुन्हा पडला.

“दाबा आण्णा! ताकद वर आहे त्याची!”

आण्णांनी दाबला. टेम्पोनं उसळी घेतली आणि मागं धडाधड आवाज झाला. वहिनींनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला मेंढा सगळ्यांत खाली सापडला. पुढचा पाय मोडला होता. पैदाशीसाठी विकायला काढलेलं जनावर त्या दिवशी खाटकाला द्यावं लागलं. आण्णा एवढंच म्हणाले, “चला, ऊन व्हतंय.”

जुनं हेड शोधत मी भंगारवाल्याकडं गेलो. ते कधीच वितळायला गेलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, गिअरबॉक्सचं काहीतरी बघू. मी आण्णांना फोन केला. “ऱ्हाऊ दे आता,” म्हणाले.

दिवाळीत बायको-पोरांना घेऊन गेलो, तर टेम्पोखाली कोंबड्या बसल्या होत्या. आण्णा दोन शेळ्या घेऊन बांधावर उभे होते. शेजाऱ्याच्या गाडीत जागा असली तर तो थांबणार होता. तो थांबला नाही. आण्णा शेळ्या घेऊन परत आले, पोरांच्या अभ्यासाचं विचारलं, चहा पाजला.

परतताना एसटीत मी बायकोला म्हणालो, “चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. मला इंजिनातलं कळतं म्हणून केवढ्या विश्वासानं टेम्पो दिला होता त्यांनी.”

“तुम्हाला कळतं म्हणून दिला?” ती म्हणाली. “अहो, आपलं लग्न झाल्यापासून भावजींसाठी काहीतरी करतो असं तुम्ही पहिल्यांदाच म्हणाला होतात. म्हणून दिला.”