नागपूर ते मेलबर्न

परवा दुपारी मी चहा घेऊन गेले, तर ह्यांनी फोन पटकन पालथा ठेवला. संसारात असं कधी झालं नव्हतं, म्हणून मला संशय आला. ते चष्मा आणायला उठले, तेव्हा मी फोन उचलून पाहिला. दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारं पान उघडं होतं. वर नागपूर, खाली मेलबर्न.

मेलबर्नला आमची मुलगी असते. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून हे तिच्याशी बोललेले नाहीत. तिचा फोन आला की उठून गच्चीवर जातात.

"कुणाला जायचंय?" मी विचारलं.

"कुणाला नाही. सहज बघत होतो."

रुसलेला माणूस सहज अंतर मोजत बसत नाही. मग हा हिशेब कशासाठी? 'एवढ्या लांब कोण जातं' म्हणून माझं तोंड बंद करायला, की आणखी कशासाठी? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यावर काही दिसेना.

चहा संपल्यावर तेच म्हणाले, "यात नुसता हवेतला वेळ धरलाय. मधे विमान बदलायचं, ताटकळायचं, ते वेगळंच."

"मग?"

"तुझ्या गुडघ्यांना झेपेल का एवढं बसणं?"